सातव्या दिवसाचा कार्यक्रम

वालबुर्गा फाल्कनरला ऑस्ट्रियाच्या डोंगरातल्या लेह्नबाख गावात सगळे बुर्गल म्हणत. बुर्गलला चौसष्ट वर्षांत स्की आली नाही, ही गोष्ट गावाने जन्मखुणेसारखी मान्य करून टाकली होती. कारण साधं होतं. घरात स्कीची जोडी एक आणि भाऊ चार. बहिणीची पाळी येईपर्यंत लाकूडच कुजलं. पुढे तिने चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. सगळं गाव डोंगरावरून घसरत असायचं तेव्हा बुर्गल शिळ्या पावाचे गोळे उकळत असायची. निवृत्त झाल्यावर तिच्याकडे तीन कामं राहिली. देवळातली फुलं, मूर्तींच्या खोलीची किल्ली, आणि शेजारची सेन्झी.

सेन्झी एक्याण्णव वर्षांची होती. मांडीचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं ती अंथरुणाला खिळलेली. तिचा पलंग बैठकीच्या खोलीत, मोठ्या शेगडीला लागून ठेवलेला होता. बुर्गल सकाळ-संध्याकाळ जाऊन तिचं सगळं बघायची. खायला घालणं, पुसणं, कुशीवर वळवणं. नात्याची म्हणाल तर कुणीच नाही, भिंतीला भिंत एवढंच.

ऑक्टोबरात लेनी आली. माग्दालेना तिचं नाव, बुर्गलची धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या वेळी बुर्गलनेच तिला हातांवर धरलं होतं, म्हणून ती तिला गोटल म्हणे, आणि त्या खोऱ्यात गोटल म्हणजे दुसरी आईच. व्हिएन्नात शिकून पोरगी परत आली होती आणि गावच्या पर्यटन कचेरीत सहा महिन्यांच्या बोलीवर लागली होती. हातात वही होती. तिने विचारलं की गोटल, ज्यांना स्की येत नाही ती माणसं इथे हिवाळाभर करतात तरी काय?

हा प्रश्न बुर्गलला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. ती सफरचंदं सोलत होती; तिने सुरी खाली ठेवली आणि बांध फुटल्यासारखी बोलत सुटली. दूध काढताना गाईच्या पोटाला कपाळ टेकवलं की डोकेदुखी कशी उतरते. रात्रभर बर्फ पडून गेल्यावर सकाळी गावात आवाज म्हणून कसा उरत नाही आणि आपल्याच रक्ताची सळसळ कशी ऐकू येते. आणि मग माउली. नाताळच्या आधीच्या नऊ संध्याकाळी मारिया माउलीची, येशूच्या आईची, लाकडी मूर्ती देवळातून निघते आणि रोज एका घरी मुक्कामाला जाते. आणणारे दाराबाहेर उभे राहून गातात की रात्र पडली, बाई अवघडलेली आहे, निवारा द्या. आठ कडवी बाहेरून. नववं कडवं आतून, घरातल्या सर्वांत वडील माणसाने म्हणायचं, आणि ते म्हणून होईपर्यंत कडीला हात लावायचा नाही. एकदा माउली आत आली की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तिला कुणी हलवत नाही, आणि त्या मुक्कामात दारी येईल त्याला कुणी परत पाठवत नाही. सेन्झीचं घर चौथं. सेन्झी पडल्या पडल्या नववं कडवं म्हणते, आवाज फाटका आहे, पण म्हणते तेव्हा अंगावर काटा येतो बघ, असं सांगताना बुर्गलचे डोळे भरून आले. लेनीने अकरा पानं लिहून घेतली. जाताना तिने गोटलचा गालगुच्चा घेतला. बुर्गल त्या रात्री अंथरुणात स्वतःशीच हसली. इतकी वर्षं पोटात साठवलेलं कुणीतरी मागून नेलं होतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माइनराड सांटरच्या हॉटेलात बैठक झाली. माइनराड गावच्या पर्यटन समितीचा प्रमुख, साठीचा, देवळाच्या गायनवृंदात खर्जात गाणारा. माणूस आडदांड आणि आवाज तळघरातून यावा तसा. बुर्गलला सन्मानाने पुढे बसवलं. भोपळ्याचं सूप इवल्याशा काचेच्या पेल्यांतून फिरवलं गेलं, त्यावर कसला तरी फेस. जेवायचं की दात घासायचे, हे तिला कळेना. मग दिवे मंद झाले आणि भिंतीवर अक्षरं उमटली. स्कीशिवाय हिवाळा, सात दिवस.

दुसरा दिवस, शांततेची चाल, वाटाड्यासह. चौथा दिवस, गाईची ऊब. कपाळ टेकवून बसणे, वीस मिनिटं, घोंगडी मिळेल. एकेक ओळ तिच्याच तोंडातून निघालेली होती. ती ओळखू येत होती, पण कुणीतरी अर्धवट चावून परत ताटात ठेवलेल्या घासासारखी. शेवटी आलं ते असं: सातवा दिवस, माउलीचा मुक्काम. अस्सल डोंगरी आजीच्या घरी, तिच्या शय्येपाशी, पुरातन गीताचा अनुभव. सोळा पाहुणे. पस्तीस मिनिटं.

बुर्गलच्या घशाशी सूप आलं. ते तिने गिळलं आणि मग पुन्हा आलं. शय्या. सेन्झीचा पलंग, ज्यावर मेणकापड घातलेलं असतं आणि ज्याची चादर ती दिवसातून दोनदा बदलते, त्याला या लोकांनी शय्या केलं होतं. तिने विचारलं की सेन्झीला कुणी विचारलंय का. माइनराड म्हणाला की ते तूच विचार, तुझं ऐकते ती. आणि पाहुणे काही धिंगाणा घालायला येणार नाहीत. नेदरलँड्सची, डेन्मार्कची वयस्क माणसं. गुडघे गेलेली. त्यांनाही मन आहे.

त्याने पुढे सांगितलं ते खोटं नव्हतं. चार हिवाळे झाले, खालच्या उतारावर बर्फ टिकत नाही. स्कीवाल्यांना वर नेणारा खालचा पाळणा बंद पडला. शाळेत सतरा मुलं उरली. लोक यायचे तर स्कीवाचून आले पाहिजेत, नाहीतर येणारच नाहीत.

"तुझी माउली नऊ घरं फिरते ना, बुर्गल?" तो म्हणाला. "दहा वर्षांनी नऊ घरांत दिवा लागलेला दाखव मला. मग मी हे सगळं फाडून टाकतो."

टेबलाच्या टोकाला लेनी बसली होती, नखं कुरतडत. तिच्या डोळ्यांत एवढी आशा होती की बुर्गलला बघवेना. पोरीचं हे पहिलं काम. हे जमलं तर ती गावात राहणार, नाही जमलं तर पुन्हा व्हिएन्ना. शिवाय सांगितलं कुणी होतं हे सगळं? तिनेच. स्वतःच्या तोंडाने, सफरचंदाच्या साली मांडीवर घेऊन. तेव्हा माइनराडने शेवटची गोष्ट काढली की जाहिरातीची चित्रफीत आत्ताच करायला हवी, नाताळपर्यंत थांबलो तर यंदाचा हंगाम गेला, त्यासाठी पंधरवडाभरात एक दिवस माउलीला बाहेर काढायचं. धर्मगुरू तीन गावं सांभाळतात, रविवारीच येतात; त्यांनी फोनवर सांगितलं होतं की किल्ली बुर्गलकडे आहे, तिला विचारा. सगळे तिच्याकडे बघत होते. बुर्गलने मान हलवली. हो अशी. घरी येऊन तिने तीनदा तोंड धुतलं, तरी भोपळ्याची चव जाईना.

ठरलेल्या दिवशी उबदार वारा सुटला होता. कुरणं तपकिरी, छपरं कोरडी, आणि आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीचे चार आठवडे, सुरू व्हायला अजून दोन आठवडे होते. इन्सब्रुकहून आलेल्या फोटोवाल्याला बर्फ हवा होता. माइनराडने वर हिमनदीवरून एक गाडाभर बर्फ आणवला. कशात, तर ज्या गाड्यातून लोक शेतात खत नेतात त्यात. सेन्झीच्या दारात तो ओतला तेव्हा त्यात पेंढा होता, पिवळट डाग होते, आणि उन्हाने तापताच त्यातून ओळखीचा वास यायला लागला. फोटोवाला दोन बोटांनी काड्या वेचत बसला. बुर्गल खिडकीतून बघत होती. देवाच्या आईची वाट शेणाने सारवलेली तिने आयुष्यभर पाहिली होती, त्यात तिला काही वाटलं नसतं. गोठ्यातच तर बाळ जन्मलं. पण शेणाला बर्फ म्हणायचं, आणि त्यावर सुगंधी फवारा मारायचा? त्याने खरंच फवारा काढला होता.

मग तो आत आला. सेन्झीची औषधं उचलून खिडकीमागे ठेवली. शौचाच्या भांड्याची खुर्ची बाहेर ओट्यावर काढली, आणि ते करताना नाक मुरडलं. मेणकापडाचं टोक चादरीत खुपसलं. हॉटेलच्या दिवाणखान्यातून आणलेला चरखा पलंगाशेजारी मांडला.

"आजी तरुणपणी सूत काढत असतील नाही?" त्याने विचारलं.

"दुधाची लॉरी चालवत होती," बुर्गल म्हणाली. "वीस वर्षं. तुम्हाला लॉरी आणायची होती."

त्या खोऱ्यात सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात. डॉक्टरला, धर्मगुरूला, मंत्री आला तर त्यालाही. बुर्गलने त्या फोटोवाल्याला दिवसभर तुम्ही म्हटलं. माइनराडला ते समजलं आणि त्याने मान खाली घातली. फोटोवाल्याला वाटलं, बाई फार अदबीची आहे.

सेन्झी हे सगळं पडल्या पडल्या बघत होती. उशीवरून तिला दारातला पांढरा ढीग दिसत होता. तिने बुर्गलचा हात ओढला आणि विचारलं, "आला का गं आगमनकाळ?"

माइनराड आदल्या दिवशी म्हणालाच होता की तिला सांग आलाय म्हणून, चेहरा कसा उजळेल बघ, अशा चेहऱ्यासाठी लोक नट आणतात. तेव्हा बुर्गल त्याच्यावर उखडली होती. आणि आता सेन्झीचे पाणावलेले निळे डोळे तिच्यावर खिळले होते, मागे फोटोवाला दिव्याची छत्री उघडत होता, दारात लेनी उभी होती. बुर्गल "हूं" म्हणाली. एवढंच. धड हो नाही, धड नाही नाही. पण खोटं बोलायला अख्खा शब्द लागत नाही. सेन्झी खरंच हसली. फोटोवाल्याने ते टिपलं आणि अंगठा वर केला. बुर्गलला वाटलं, आपण नागव्याने बाजारात उभ्या आहोत.

गाणं म्हणायला तिघं होते. बुर्गल, लेनी आणि खर्जाला माइनराड. मूर्ती बुर्गलच्या हातात. हातभर उंचीची, लिंडन झाडाच्या लाकडाची, पोटाशी झगा उचलून धरलेली माउली. पायापाशी चुंबनांनी रंग उडालेला. लेनीचा गळा लहानपणापासून गोड. पहिलं कडवं सुरू झालं आणि क्षणभर, त्या घाणेरड्या बर्फात उभं राहूनसुद्धा, बुर्गलला सगळ्याचा विसर पडला. तीन आवाज एकात एक मिसळले. गाण्याला कुठे ठाऊक असतं, कोण कशासाठी गातंय?

"छान," फोटोवाला म्हणाला. "एवढं पुरे. पुन्हा पहिल्यापासून, आता डावीकडून."

बुर्गलने सांगितलं की अजून आठ कडवी आहेत. त्याने सांगितलं की पंधरा सेकंद लागणार आहेत, पहिलंच कडवं गोड आहे, तेच घेऊ. त्यांनी ते पुन्हा म्हटलं. मग छत्री हलवली म्हणून पुन्हा. मग वर विमान गेलं म्हणून पुन्हा. लेनीच्या डोक्यावर रुमाल बांधून पुन्हा. रात्र पडली, बाई अवघडलेली आहे, निवारा द्या. रात्र पडली, बाई अवघडलेली आहे, निवारा द्या. उत्तर नाहीच. नुसतं मागणं, नुसतं दार बंद. पाचव्या खेपेला बुर्गलच्या तोंडात ते शब्द चोथा झाले होते, आणि तो चोथा तिला थुंकताही येईना, गिळताही येईना. हातातली मूर्ती जड झाली. उंबऱ्याबाहेर पाचदा उभी केली आपण हिला, तिच्या मनात आलं. बेथलेहेमातल्या लोकांनी एकदाच परत पाठवली होती, आणि त्यांना आपण दोन हजार वर्षं नावं ठेवतोय.

सहाव्या वेळी आतून आवाज आला. फाटका, थरथरता, सूर कधी वर कधी खाली. सेन्झी नववं कडवं म्हणत होती. ये आत, माझ्या घरी शेगडी आहे, माझं अंथरूण तुझं.

फोटोवाल्याने हात वर केला. आवाज मध्ये येतोय, म्हणाला. सातव्यांदा सुरू केलं. सेन्झीने यावेळी वाटच पाहिली नाही. पहिली ओळ संपताच तिने आतून सुरुवात केली, अधिक जोरात, जणू बाहेरच्यांना ऐकू जात नाहीये. फोटोवाल्याने कानावरचं यंत्र काढलं आणि माइनराडला विचारलं की आजींना कुणी जरा समजावेल का, नुसतं शांत पडून माउलीकडे आस लावून बघायचंय. माइनराड बुर्गलकडे वळला. त्याचाही चेहरा ओढलेला होता.

"बुर्गल, तू सांग तिला. दोन मिनिटं गप्प राहा म्हणावं."

म्हणजे काय सांगायचं होतं? एक्याण्णव वर्षांच्या बाईला सांगायचं होतं की दारात माउली उभी आहे, तिला आत घेऊ नकोस. बघत राहा, पण ये म्हणू नकोस. बुर्गलला वाटलं आत्ताच्या आत्ता इथे, या फवारा मारलेल्या बर्फावर ओकारी होणार. आणि गंमत म्हणजे माइनराडची किळस आली नाही, त्या शहरी पोराचीही नाही. तिला आली ती स्वतःच्या हातांची. मूर्ती धरून मुकाट उभ्या राहिलेल्या त्या दोन हातांची.

तिने दुसरं कडवं सुरू केलं.

फोटोवाला काहीतरी म्हणाला. तिने तिसरं म्हटलं. लेनी क्षणभर गप्प होती, मग तिचा आवाज येऊन बुर्गलच्या आवाजाला बिलगला. चौथ्याला माइनराड खाकरला आणि खर्ज लागला. त्याच्या मनात काय होतं देव जाणे, पण लहानपणापासून म्हणत आलेल्या माणसाला हे गाणं अर्ध्यावर सोडून उभं राहता येत नाही. आठ कडवी झाली. आतून सेन्झीने नववं म्हटलं, पुरतं, शेवटचा शब्द श्वासाविना नुसत्या ओठांनी. मग बुर्गलने कडी काढली, आत गेली आणि माउलीला पलंगाशेजारच्या मेजावर ठेवलं. चरखा तिने पायाने बाजूला सारला.

फोटोवाल्याला हवं ते मिळालं नाही आणि उजेड गेला होता. सहा वाजता हॉटेलच्या दिवाणखान्यात शेकोटीपाशी माउलीचं शेवटचं चित्र घ्यायचं होतं. तो सामान गाडीत भरायला गेला. माइनराड मूर्ती उचलायला आत आला, आणि बुर्गल मेजापुढे उभी राहिली.

"आता नाही," ती म्हणाली. "आता ती मुक्कामाला आहे."

"अगं, नोव्हेंबर आहे," माइनराड हळूच म्हणाला, पलंगाकडे बघत. "आज तिचा मुक्काम नाहीच."

तेव्हा बुर्गलला कळलं की सेन्झीसमोर हे बोलावंच लागणार, आणि तेही तिनेच. ती पलंगाच्या काठावर बसली, सेन्झीचा हात घेतला आणि सगळं सांगून टाकलं. आज पंधरा तारीख, नोव्हेंबरची. आगमनकाळ आलेला नाही. बर्फ वरून आणलाय. हे चित्र काढायला आले होते. सकाळी मी हूं म्हटलं ते खोटं होतं. पापनिवेदनाच्या खोलीतही ती कधी इतकी अडखळली नव्हती.

सेन्झीने सगळं ऐकून घेतलं.

"पाय गेलेत माझे, नाक नाही गेलं," ती म्हणाली. "त्या बर्फाला खताचा वास येतोय. आणि गाई डोंगरावरून उतरून महिना नाही झाला, घंटा ऐकल्या मी. मला वाटलं, तुलाच कळत नाहीये."

"मग आत का घेतलंस?"

"सात वेळा विचारलंत," सेन्झी म्हणाली. "किती वेळ उभी ठेवू तिला?"

मग म्हातारीने मान वळवून माइनराडकडे पाहिलं. ती त्याला तो टोपीएवढा असल्यापासून ओळखत होती. तिच्या लॉरीत बसून तो शाळेत जायचा.

"माउली आज इथे झोपणार," ती त्याला म्हणाली. "तुलाही झोपायचं तर बाक रिकामा आहे. पाठवून नाही देणार मी तुला."

माइनराड उभाच राहिला. मूर्ती त्याच्या हातभर अंतरावर होती आणि मध्ये एक चौसष्ट वर्षांची स्वयंपाकीण. उचलायचीच असती तर उचलता आली असती. बाहेर गाडीचा भोंगा वाजला. तो म्हणाला की फोटोवाला आजच्याच दिवसाचा होता, की हे सगळं आता कसं उभं राहणार ते तुम्हीच सांगा, की मला काय हौस आहे. लेनीकडे बघून म्हणाला की उद्या सकाळी नऊला कचेरीत ये. दाराशी पोचल्यावर त्याने टोपी काढली, माउलीकडे तोंड करून क्रुसाची खूण केली आणि गेला. ओट्यावरची भांड्याची खुर्ची मात्र त्याने स्वतः उचलून आत आणून ठेवली.

लेनी बाकावर बसली होती. तिने खिशातून यादी काढली, सात दिवसांची, आणि बराच वेळ बघत राहिली. बुर्गलने सेन्झीला कुशीवर वळवलं, पाठ पुसली, चादर बदलली. लेनीने कधी हे पाहिलं नव्हतं. तिच्या अकरा पानांत हे नव्हतं. ती उठली आणि न सांगता दुसऱ्या बाजूने चादर धरली. वास आला तेव्हा तिचा चेहरा आक्रसला. तिने तो लपवला नाही आणि चादर सोडलीही नाही. मग तिघींनी जपमाळ म्हटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेनी आली ती सांगतच आली. सातवा दिवस तिने यादीतून काढून टाकला. त्या ओळीवर आता नुसतं मोकळा वेळ असं लिहिलंय. माइनराड अर्धा तास ओरडला, मग गप्प झाला, मग म्हणाला की हॉटेलसाठी कोरीवकाम करणाऱ्याकडून दुसरी मूर्ती करवून घेऊ, प्लास्टरची सुद्धा चालेल, पाहुण्यांना काय कळतं. लेनीला कामावर ठेवणार की नाही, ते नाताळनंतर बघू म्हणाला. प्लास्टरची माउली ऐकून बुर्गलचं तोंड पुन्हा कडू झालं. म्हणजे जे टळलं असं वाटलं होतं ते नुसतं कोपऱ्यावरून वळून हॉटेलात जाऊन बसणार होतं, शेकोटीपाशी, रोज सहा वाजता. पण सेन्झीच्या दारात सोळा माणसं उभी राहणार नव्हती. बुर्गलने पोरीला जवळ घेतलं.

प्रश्न उरला संध्याकाळचा. मुक्काम एक रात्रीचा. आज माउलीला दुसऱ्या घरी न्यायला हवं. बुर्गलची यादी डिसेंबरातली होती. नोव्हेंबरात कुणाचं दार वाजवायचं? पाचवं घर फाल्कनरांच्या थोरल्याचं, पण तो नवरा-बायको मिळून कॅनरी बेटांवर गेलेले. सहावं घर माइनराडचं. देवळात परत नेऊन ठेवावी तर सेन्झी विचारणार, कुणाकडे गेली?

"माझ्याकडे," लेनी म्हणाली.

तिचं घर यादीत नव्हतंच. घर कसलं, स्की भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या वर एक खोली. बुर्गल तिथे एकदाही गेली नव्हती.

पाच वाजता दोघी निघाल्या. सेन्झीने माउलीच्या पायांवर ओठ टेकवले आणि डोळे मिटून घेतले. रस्त्यात कुणी भेटलं नाही. एक कुत्रं थोडं बरोबर आलं. दुकानामागच्या लाकडी जिन्यापाशी लेनी पुढे झाली, वर जाऊन तिने दार लावून घेतलं, कारण आतून म्हणायला कुणीतरी हवं, आणि त्या घरात सर्वांत वडील तीच होती.

बुर्गल जिना चढायला लागली आणि वास आला. खालच्या गोदामात आठशे जोड्या बूट हंगामासाठी काढून ठेवलेले. आठशे जोड्यांत गेल्या वर्षीचा, त्याच्या आधीच्या वर्षीचा, कुणाकुणाच्या पायांचा ओला घाम मुरलेला, वर रबर, वर मेण. शाळेत चाळीस वर्षं कोबी शिजवलेल्या बाईलाही तो सोसवेना. चौसष्ट वर्षांत ती स्कीच्या एवढ्या जवळ कधी आली नव्हती. तिने शालीचं टोक ओढलं, आणि स्वतःच्या नाकाला लावण्याऐवजी माउलीच्या तोंडावर धरलं. तशीच चार पायऱ्या चढली. मग, गोठ्यात बाळंत झालेल्या बाईला वासाचं काय, असं स्वतःचंच नवल वाटून थांबली, शाल काढली आणि त्या बंद दाराबाहेर, वासाच्या गर्दीत, पहिलं कडवं एकटीने सुरू केलं.